बारा बाय सोळाची केबिन आणि अडीच दिवसांचे पाणी

सिन्नरहून शिर्डीकडे निघाले की वावी सोडल्यावर जो उघडा माळ लागतो, त्यावर आमचे वडिलोपार्जित घर आहे. तीन खणांचे, भेंड्याच्या म्हणजे कच्च्या मातीच्या भिंतींचे, धाब्याचे म्हणजे सपाट मातीच्या छपराचे. आई गेल्यापासून ते बंद होते. फेब्रुवारीत दादाचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, नाशिकच्या इंदिरानगरला आमच्याकडे आराखडा घेऊन आला. सिंहस्थ तोंडावर आहे, लोक शहराबाहेर शांत जागा शोधतात, जुने घर दुरुस्त करून पाहुण्यांना राहायला द्यावे, असा त्याचा विचार. विचार चांगलाच होता. आराखड्यात मात्र भेंड्याच्या दोन भिंती पाडून विटांच्या केल्या होत्या, प्रत्येक खोलीला टबबाथ होता आणि अंगणात आठ मीटर बाय चार मीटरचा पोहण्याचा तलाव होता.

मी पाटबंधारे खात्यात नोकरी केली. तलाव म्हटला की माझा हात आपोआप हिशेबाकडे जातो. सव्वा मीटर खोली धरली तर चाळीस हजार लिटर. मे महिन्यात आमच्या भागात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडून जाते, म्हणजे रोज अडीचशे ते तीनशे लिटर नुसते हवेत. ज्या गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो त्या गावांच्या मधोमध. मी बोललो, पुतण्या दुखावला, दादा गप्प बसला, ताई म्हणाली की तुम्ही अमेरिकेहून परत या, मग बघू.

एप्रिलमध्ये आम्ही दोघे भाचीकडे लॉस एंजेलिसला गेलो. तिला घरच्या वादाची कल्पना होती. तिने मुद्दाम, मला काही न सांगता, मोजावी वाळवंटातली एक जुनी, दुरुस्त केलेली केबिन चार रात्रींसाठी घेतली. मी, बायको, भाची आणि जावई. त्या चार रात्रींत जे घडले ते मी रोजच्या रोज वहीत लिहीत गेलो. आमच्या घराचा निर्णय पुढे त्याच नोंदींवर झाला, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. जुने घर पाहुण्यांसाठी उघडायचे मनात असलेले नाशिक जिल्ह्यात पुष्कळ जण आहेत, त्यांना ते उपयोगी पडावे.

केबिन कुठून आली

लॉस एंजेलिसहून पूर्वेला गाडीने तीनेक तास. वाटेत पवनचक्क्यांची खिंड लागते, मग चढ, मग युक्का व्हॅली, जोशुआ ट्री आणि ट्वेंटीनाइन पाम्स ही गावे. त्यानंतर घरे विरळ होत जातात आणि वंडर व्हॅली नावाचे मोठे सपाट खोरे उघडते. तिथे रस्त्यापासून दूर, एकमेकींपासूनही दूर, छोट्या छोट्या खोल्या उभ्या दिसतात. काही पडलेल्या, काही नुसते जोते उरलेल्या, काही रंगवलेल्या.

त्यामागे एक कायदा आहे. १९३८ साली अमेरिकेत स्मॉल ट्रॅक्ट ॲक्ट झाला. शेतीला निरुपयोगी अशी सरकारी जमीन सामान्य माणसाला पाच एकरांपर्यंत घेता येईल, आधी भाड्याने, आणि ठरल्या मुदतीत तिच्यावर छोटे घर बांधले की मालकीने. आपल्याकडची नवीन शर्तीची जमीन ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कल्पना लगेच समजेल. घराचे किमान माप ठरलेले होते: बारा फूट बाय सोळा फूट. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९५० च्या दशकात, शहरातले कारकून, शिक्षिका, कारखान्यातले कामगार शनिवार-रविवारी लाकूड आणि पत्रे घेऊन इथे यायचे आणि स्वतःच्या हातांनी खोली उभी करायचे. लोकांनी या खोल्यांना सशाच्या नावावरून ‘जॅकरॅबिट होमस्टेड’ म्हटले. १९७६ च्या जमीन कायद्याने तो जुना कायदा संपला.

या भागात माणसे राहायला येण्याचे त्याआधीचेही एक कारण आहे आणि ते मला फार हलवून गेले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने फुप्फुसे जळालेल्या सैनिकांना पॅसाडीनाचे डॉक्टर जेम्स लकी यांनी १९२० च्या दशकात ट्वेंटीनाइन पाम्सला पाठवले, कारण इथली हवा कोरडी, उबदार आणि स्वच्छ होती. म्हणजे ज्या कोरडेपणाला आम्ही माळावर शिव्या देत वाढलो, तो काही माणसांना श्वास देऊन गेला.

तरीही बहुतेक खोल्या पुढे ओस पडल्या. कारण साधे आहे. ट्वेंटीनाइन पाम्सला वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या दुष्काळी पट्ट्यात पाचशे पडतो आणि आम्ही त्याला अवर्षण म्हणतो. बायकोचे माहेर घोटी, इगतपुरी तालुका, तिथे तीन हजारांच्या वर. एकाच जिल्ह्यातल्या दोन टोकांचा आमचा संसार, आणि पाण्याबद्दलच्या आमच्या सवयीही तशाच दोन टोकांच्या. या प्रकरणात ते महत्त्वाचे ठरले.

गुरुवार ते शनिवार

केबिन पाहताच आवडली, हे आधी सांगतो. मूळची बारा बाय सोळाची खोली जशीच्या तशी होती, तिला मागे एक छोटी खोली आणि न्हाणीघर नंतर जोडलेले. मालकीणबाई लॉस एंजेलिसमध्ये राहतात. त्यांनी ती पडकी घेतली आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः येऊन दुरुस्त केली. छप्पर उतरवून त्यात उष्णतारोधक थर घातला, कुजलेल्या फळ्या तेवढ्या बदलल्या, चांगल्या फळ्यांवरचा जुना रंग खरवडून काढला. १९७८ पूर्वीच्या घरांच्या रंगात शिसे असू शकते म्हणून आधी तो तपासून घेतला होता. लोखंडी चौकटीच्या खिडक्या ठेवल्या आणि त्यांना बाहेरून लाकडी झडपा केल्या. जुना जाळीचा दरवाजा, पांढऱ्या इनॅमलची शेगडी, भिंतीतले फळीचे कपाट. न्हाणीघरात गुलाबी बेसिन आणि त्याच रंगाचा कमोड, दोन्ही १९५० च्या काळातले. बायको म्हणाली, हे न्हाणीघर एखाद्या जुन्या सिनेमातल्यासारखे आहे. आम्ही सगळ्यांनी त्याचे फोटो काढले.

दारामागे एक जाड वही टांगलेली होती. चांगल्या यजमानाची खूण मला त्या वहीत दिसली. ओहोळाच्या कोरड्या पात्रात गाडी लावू नका, कारण दूर डोंगरावर झालेल्या पावसाचे पाणी इथे आकाश निरभ्र असतानाही येते. सकाळी बूट झटकून घाला. अंधारात विजेरीशिवाय पाऊल टाकू नका, खुळखुळ्या साप (रॅटलस्नेक) असतो. हे सगळे मला घरच्यासारखे वाटले. वावीच्या माळावर फुरसे असते, विंचू असतो, आणि आजी आम्हाला हेच सांगायची.

गुरुवारी संध्याकाळी पहिल्यांदा खिडक्यांच्या काचा थरथरल्या आणि लांबून दबका आवाज आला. भाची दचकली. मी आणि बायको एकदमच म्हणालो, देवळाली. खोऱ्याच्या वायव्येला अमेरिकन मरीन सैन्याचा मोठा सरावतळ आहे, तिथे खऱ्या दारूगोळ्याचा सराव चालतो. तोफखान्याच्या गावाशेजारी आयुष्य काढलेल्या नाशिककराला त्या आवाजाची सवय असते. परमुलखात त्या रात्री मला तोच आवाज सोबतीसारखा वाटला.

रात्रीबद्दल लिहायला हवे. बाहेर एकच पिवळसर दिवा, तोही वरून झाकलेला, खाली पायरीवर उजेड पडेल एवढाच. शेजारचे जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान २०१७ पासून गडद आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता पावले आहे आणि त्याचा फायदा या खोऱ्यालाही मिळतो. आम्ही चौघे घोंगड्या गुंडाळून अंगणात बसलो. लहानपणी धाब्यावर झोपायचो तेव्हाचे आकाश मला साठी उलटल्यावर परत दिसले. भाचीने असे आकाश कधी पाहिलेच नव्हते. ती नाशिकरोडला वाढली.

शुक्रवारी सकाळी क्रिओसोटच्या झुडपाशी थांबलो. दिसायला आपल्या माळावरच्या कुठल्याही खुरट्या झुडपासारखे. जावयाने पाने ओंजळीत धरून तीवर श्वास सोडायला सांगितला. त्या ओलसर उबेने पानांतून पावसाचा वास आला. तिथले लोक याच वासाला पावसाचा वास म्हणतात. बायकोने एक डहाळी दिवसभर हातात बाळगली.

आता दोष. केबिनची भिंत लाकडी आणि पातळ आहे. अकरा वाजता ती तापते, तीनला आतली हवा जड होते, रात्री नऊला एकदम गार. छपरातल्या थरामुळे सुसह्य झाले एवढेच. दुपारी कूलर लावावा लागला. आमच्या घराची भेंड्याची भिंत दोन फूट जाड आहे. बाहेरचे ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि मग दार उघडले की घर मोकळे होते. पुतण्याच्या आराखड्यात नेमकी हीच भिंत पाडायची होती आणि तिच्या जागी विटा आणि वातानुकूलन यंत्र यायचे होते. ही नोंद मी शुक्रवारी दुपारी, घाम पुसत, माझ्या वहीत दोनदा अधोरेखित केली.

रविवार, सकाळी सहा

मला जाग आली ती एका आवाजाने. केबिनमागे पाण्याची टाकी आणि तिला जोडलेला छोटा दाबपंप होता. नळ उघडला की तो क्षणभर गुरगुरायचा आणि थांबायचा. त्या सकाळी तो थांबत नव्हता आणि आवाज पातळ, कोरडा येत होता. आयुष्यभर पंप ऐकलेल्या माणसाला तो आवाज सांगावा लागत नाही. मी अनवाणीच धावलो आणि त्याचा खटका बंद केला. आणखी थोडा वेळ गेला असता तर पंप जळाला असता. टाकी रिकामी होती.

वंडर व्हॅलीत बहुतेक घरांना नळाचे पाणी नाही. टँकर येतो, टाकी भरतो, ते पाणी पुरवायचे. ही टाकी हजार गॅलनची, म्हणजे सुमारे ३,८०० लिटरची. दारामागच्या वहीत लिहिले होते की टँकर सोमवारी येईल आणि तुम्ही याल तेव्हा टाकी अर्धी असेल, चौघांना ती पुरते. अर्धी म्हणजे १,९०० लिटर. ती आम्ही गुरुवार दुपार ते रविवार पहाट, अडीच दिवसांत संपवली होती.

कुठे गेले पाणी? मी अंगणात बसून हिशेब मांडला. शॉवर मिनिटाला नऊ लिटरच्या आसपास, माणशी सात-आठ मिनिटे, चौघांचे २७० लिटर. स्वयंपाक, भांडी, बायकोने हाताने धुतलेले कपडे आणि कूलर मिळून सत्तरएक. उरलेल्याचा मेळ बसेना, तेव्हा मी कमोडची टाकी उघडून तिच्यात पाणी किती मावते ते मापाने पाहिले. एका वेळी पाच गॅलन, १९ लिटर. माणशी दिवसातून पाच वेळा धरले तरी चौघांचे ३८० लिटर. दिवसाला एकूण ७२० लिटर, माणशी १८०. आपल्याकडे खेड्यासाठी माणशी ५५ लिटरांचा निकष आहे, शहरासाठी १३५ चा. आम्ही वाळवंटात शहराच्याही वर वापर करत होतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त त्या गुलाबी कमोडमधून जात होता. अमेरिकेत १९९४ पासून नव्या कमोडला १.६ गॅलनची, म्हणजे सहा लिटरची, कायद्याने मर्यादा आहे. तसा कमोड असता तर टाकी सोमवार दुपारपर्यंत पुरली असती.

मग मी आणखी एक गणित केले आणि ते करून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. बारा बाय सोळाच्या छपराचे क्षेत्रफळ सुमारे अठरा चौरस मीटर. त्यावर वर्षाचा शंभर मिलिमीटर पाऊस एक थेंबही न सांडता धरला तर अठराशे लिटर. त्या मूळ खोलीवर आकाश वर्षभरात जेवढे पाणी टाकते, त्याहून जास्त आम्ही अडीच दिवसांत वापरले होते.

फोनला केबिनमध्ये रेंज नव्हती. जावई अर्धा किलोमीटर चालून रस्त्याच्या चढावर गेला आणि मालकीणबाईंशी बोलला. रविवारी टँकर मिळणार नव्हता. त्यांनी मनापासून माफी मागितली आणि ट्वेंटीनाइन पाम्सला हॉटेलची खोली त्यांच्या खर्चाने घेऊन देण्याची तयारी दाखवली.

“मामा, जाऊ या आपण,” भाची म्हणाली. “तुम्ही एवढ्या लांबून आलात ते बादल्या मोजायला नाही. तुमचं बीपीसुद्धा आहे.”

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, “चोवीस तासांचा तर प्रश्न आहे. ह्यांच्या आईने बहात्तरचा अख्खा उन्हाळा काढला, मुलं सांभाळून. मला एकदा बघू दे कसं असतं ते.”

घोटीची मुलगी हे म्हणाली. तिच्या माहेरी पावसाळ्यात अंथरुणाला बुरशी येते. चाळीस वर्षे ती माझ्या नळ बंद करण्याच्या सवयीवर वैतागत आली होती, आणि त्या सकाळी तिने मला काय करायचे ते विचारले.

जावयाने गावातून पाच गॅलनचे चार कॅन आणले. ७६ लिटर. प्यायला आणि स्वयंपाकाला वीस बाजूला काढले. आंघोळीला माणशी आठ, घमेल्यात उभे राहून, म्हणजे अंगावरचे पाणी घमेल्यातच साठते. भांड्यांना आधी कागदाने पुसून मग दोन पातेल्यांत, पहिले खळबळायला, दुसरे निथळायला. आंघोळीचे आणि भांड्यांचे सगळे पाणी एका पिंपात, आणि तेच तांब्याने कमोडला. टाकीची साखळी ओढायची नाही. १९७२ साली मी आठ वर्षांचा होतो. आई आम्हाला घमेल्यातच आंघोळ घालायची, त्या पाण्याने अंगण शिंपायची आणि उरलेले म्हशीच्या अंगावर टाकायची. शाळेत सुकडी मिळायची आणि घरी अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी. त्याच अमेरिकेत मी ते घमेले पुन्हा वापरत होतो. डोळे भरून आले, ते मी लपवले नाही.

सोमवारी सकाळी मोजले तेव्हा ७६ पैकी सहा लिटर उरले होते. कोणी उपाशी नव्हते, कोणी मळके नव्हते. रविवारची रात्र चारही रात्रींत सगळ्यांत चांगली गेली असे भाचीनेच गाडीत सांगितले. कारण विचारले तर म्हणाली, आदले तीन दिवस आपण तिथे पाहुणे होतो, रविवारी तिथे राहिलो.

मालकीणबाईंशी झालेले बोलणे

मालकीणबाई सोमवारी टँकरच्या पाठोपाठ स्वतः आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, हातांना लाकडाच्या कामाचे घट्टे. मी भीत भीत माझा हिशेबाचा कागद दाखवला, कारण पाहुण्याने यजमानाची चूक काढणे मला बरे वाटत नव्हते. त्यांनी तो शांतपणे वाचला. मग आम्हाला केबिनपासून वीसेक पावलांवर नेले आणि वाळू पायाने बाजूला केली. खाली एक काँक्रीटची चौकोनी लादी आणि बुजवलेला खड्डा. मूळ शौचकूप. केबिन बांधली गेली तेव्हा आत न्हाणीघर नव्हतेच. बांधणारे लोक गावातून पिंपांत पाणी आणत आणि जपून वापरत. गुलाबी कमोड आणि बेसिन बाईंनी शहरातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून हौसेने आणले होते, काळ जुळतो म्हणून.

मला या प्रकरणातली सगळ्यांत मोलाची गोष्ट तिथे, त्या लादीपाशी मिळाली. काळ जुळत होता, जागा जुळत नव्हती. १९५० च्या शहरात भरपूर पाण्याच्या नळावर चालणारी वस्तू त्यांनी त्याच वर्षांतल्या बिनपाण्याच्या घरात आणून बसवली होती. भिंती, छप्पर, खिडक्या यांबाबत त्यांनी घराचे ऐकले, न्हाणीघरात मात्र फोटोचे ऐकले. हे मी भाचीमार्फत शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितले. त्या म्हणाल्या की टाकी किती उरली हे मागे जाऊन पाहावे लागते आणि कुठलाच पाहुणा मागे जात नाही, हेही त्यांना आजच उमगले.

भाची त्यांच्या संपर्कात आहे. कमोड बदलला, बेसिन ठेवले आणि टाकीची पातळी दाखवणारी नळी दारापाशी आणली असे ती सांगते. बाकी केबिन होती तशीच आहे. ती तशीच राहावी.

वावीकडे परत

मे महिन्यात आम्ही भावंडे घरी जमलो आणि मी पुतण्याला माझी वही दिली. सांगितले काहीच नाही. मग अट घातली की आराखड्यावर बोलण्याआधी आपण सगळे तीन रात्री या बंद घरात राहायचे, आहे त्या सोयीत. विहीर आटलेली होती, टाकीत शेजारच्या वस्तीवरून आणलेले पाचशे लिटर पाणी. दुपारी तीनला बाहेर ४१ अंश असताना पुतण्या आतल्या खणात भिंतीला पाठ लावून झोपला. भिंती पाडायचा विषय त्यानेच बंद केला.

तलाव गेला. टबबाथ गेले. हे सोपे होते. शौचालयाचा निर्णय अवघड होता, कारण पाहुण्यांत वयस्कर माणसे असणार आणि त्यांचे गुडघे मलाही समजतात. शेवटी दोन खड्ड्यांचे शोषखड्डा शौचालय केले, उताराच्या भांड्याचे, ज्याला एका वेळी दीड-दोन लिटर पाणी पुरते. त्याच पद्धतीवर बसायची उंच बैठक करून घेतली. गवंड्याला ते पटवायला दोन दिवस गेले. एका ठेकेदाराने आधी आमचे चाळीस हजार रुपये आगाऊ घेऊन उताराऐवजी सपाट नळ टाकून ठेवले होते, ते उखडावे लागले. तो खर्च आमच्याच डोक्यावर बसला.

धाब्याचे काम मला सगळ्यांत जास्त आनंद देऊन गेले. तुळयांपैकी दोन कुजल्या होत्या, त्या बदलल्या. किलचन, म्हणजे तुळयांवरचा काटक्यांचा थर, बहुतेक शाबूत होते. त्यावर पाला, चिखल आणि वरून पांढऱ्या मातीचा थर, चोपून चोपून. पांढरी माती पूर्वी गावाच्या जुन्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, गढीतून खणून आणत. या वेळी आम्ही तिथली आणली नाही. या टेकाडांच्या पोटात जुन्या वसाहती असतात. नाशिकच्या मातीच्या गढीवर आणि संगमनेरजवळच्या जोर्व्याला १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ डॉ. हसमुख सांकळिया आणि शांताराम देव यांनी उत्खनन केले तेव्हा मातीच्या अशाच थरांतून हजारो वर्षांची भांडी निघाली. आमचे छप्पर गळू नये म्हणून ते खणून टाकणे मला मान्य नव्हते. एका शेतकऱ्याने स्वतःच्या शेततळ्यातून निघालेली पांढरट, चोपण माती दिली. म्हातारे गडी म्हणाले, चालेल, पण दरवर्षी हात फिरवावा लागेल.

पाण्याचा हिशेब असा बसला. घरामागे गोठा आहे, पत्र्याचा, चाळीस चौरस मीटर. पाचशे मिलिमीटर पावसात पाचवा हिस्सा वाया गेला धरूनही सोळा हजार लिटर मिळतात. चार पाहुणे, माणशी ५५ लिटर, रोजचे २२०. म्हणजे बहात्तर दिवस. ऑक्टोबर ते फेब्रुवारी, फक्त शनिवार-रविवार, एवढेच घर उघडायचे ठरले, म्हणजे काही पाणी हाताशी उरते. मार्च ते मे बंद. पुतण्याला हे जड गेले, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीचे उत्पन्न बुडते आणि त्याने त्यावर कर्जाचा हप्ता मांडला होता. मी माझ्या निवृत्तिवेतनातून काही भाग उचलला. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीचा अर्ज दादाच्या नावाने केला आहे.

पातळीची काचनळी दारातच, चपला काढायच्या जागी बसवली. तिच्यावर बायकोने तैलरंगाने शंभर-शंभर लिटरच्या रेघा ओढल्या आणि शेजारी पाटी टांगली. पाहुण्यांनी येताना आणि जाताना आकडा लिहायचा, एवढेच. दंड नाही, सूचना नाहीत.

शॉवर लावायचा की नाही यावर पुतण्याचे आणि माझे अजून जमलेले नाही. तो म्हणतो, मुंबई-पुण्याचा माणूस बादलीने आंघोळ करायला पैसे देणार नाही. मी म्हणतो, बंब पेटवून, चुलीच्या धुराचा वास असलेले गरम पाणी दगडावर बसून घेण्याचे पैसे तो आनंदाने देईल. दोघांपैकी कोण बरोबर ते ऑक्टोबरात कळेल.

मृगाच्या दुसऱ्या दिवशी पहिली जोरदार सर आली. पत्र्यावरची घाण धुऊन जावी म्हणून ती बाहेर सोडली. तासाभराने दुसरी आली, दहा-अकरा मिलिमीटर असेल. पन्हाळीचे पाणी टाकीत पडल्याचा आवाज घरात स्पष्ट ऐकू येत होता आणि कोणी दिवा लावायलाही उठले नाही. सर थांबल्यावर पुतण्या काचनळीपाशी गेला. तिसऱ्या रेघेच्या जरा वर. त्याने पाटीवर खडूने लिहिले, ३२०, आणि त्याखाली तारीख.